फँटा इथला आणि तिथला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं पेयांच्या तपासणीचं काम केल्यामुळे ओळखीतलं कुणी परदेशात गेलं की मला किल्ल्यांचे-पुलांचे फोटो कमी येतात आणि बाटल्यांच्या मागच्या बाजूचे जास्त. त्यातही फँट्याचे सगळ्यांत जास्त. ‘हा असा पाणचट का?’, ‘इथे लाल मिळतोय, ओरिजिनल आहे का?’ पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एका जागी लावलेत. कंपन्या मिश्रण अधूनमधून बदलतात. तेव्हा तुमच्या हातातल्या बाटलीचं लेबल आणि माझं लिहिणं जुळलं नाही, तर लेबल खरं धरा.

१. फँटा अमेरिकन आहे ना?

मालकी अमेरिकन. जन्म मात्र जर्मनीतला, आणि तोही नाझी काळातला. दुसऱ्या महायुद्धात कोका-कोलाचा अर्क जर्मनीत पोचेनासा झाला. तिथल्या कंपनीचा प्रमुख माक्स काइट याच्याकडे कारखाने होते, बाटल्या होत्या, माणसं होती; बाटलीत भरायलाच काही नव्हतं. १९४० च्या सुमारास त्याने हाताला लागेल त्यातून पेय करवून घेतलं: चीज करताना सुटणारं पाणी (घरी पनीर केल्यावर आपण ओतून देतो तेच) आणि सफरचंदाचा रस काढल्यावर उरणारा चोथा. नावासाठी बैठक बसली तेव्हा तो म्हणाला, डोकं चालवा, ‘फांटाझी’ वापरा, म्हणजे कल्पनाशक्ती. ‘जो क्निप’ नावाच्या विक्रेत्याने तेवढाच तुकडा उचलला, ‘फांटा’. १९४३ साली सुमारे ३० लाख क्रेट खपले. साखरेवर रेशन असल्यामुळे बायका ते सूप गोड करायलाही वापरत. त्यात संत्र्याचा संबंध नव्हता.

२. मग संत्र्याचा फँटा आला कुठून?

इटलीतून. युद्ध संपलं, कोका-कोला परत आला आणि जर्मनीतला तो युद्धकाळचा फँटा बंद पडला. १९५५ मध्ये नेपल्सच्या बॉटलिंग कंपनीने तिथल्याच संत्र्यांपासून नवीन पेय केलं आणि पडून असलेलं नाव त्याला दिलं. आज आपण ज्याला फँटा म्हणतो तो हा. म्हणजे नाव जर्मन, फळ इटालियन आणि मालक अमेरिकन. जर्मनीत २०१५ साली पंचाहत्तरीनिमित्त जुन्या धाटणीचा फँटा काढला होता. पण जाहिरातीत ‘जुने चांगले दिवस’ असा सूर लागला आणि ते दिवस कुठले होते हे लोकांनी लगेच आठवून दिलं. जाहिरात मागे घ्यावी लागली.

३. कंपनी एक, नाव एक, मग चव वेगळी कशी? अर्क तर एकाच ठिकाणाहून येत असेल ना?

हा गैरसमज कोला पेयांमुळे झालाय. कोलाचं सूत्र जवळपास सगळीकडे एकच ठेवण्यात कंपनीची प्रतिष्ठा गुंतलेली असते. फँट्याला तसलं ओझं नाही. मूळ कंपनी विकते ते अर्क किंवा ‘बेस’. पाणी, साखर आणि गॅस स्थानिक बॉटलर घालतो. शिवाय हा बेसही देशागणिक वेगळा असतो: कुठे रसासकट, कुठे फक्त सालीच्या तेलाचा वास, कुठे कृत्रिम रंग, कुठे गाजराचा अर्क.

हे ठरतं चार गोष्टींवरून: त्या देशाचा अन्नकायदा, साखरेवरचा कर, जवळपास काय पिकतं, आणि तिथल्या लोकांची जीभ. माझ्या अनुभवात क्रमही हाच. जिभेचा नंबर शेवटचा लागतो, जाहिरातीत मात्र तिला पहिलं बसवतात.

४. लंडनचा फँटा फिकट, पिवळट का दिसतो? शिळा आहे का?

शिळा नाही. हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

भारतातला किंवा अमेरिकेतला फँटा काचेच्या ग्लासात ओतून खिडकीशी धरा. रंग भडक आणि एकसारखा दिसेल, जत्रेतल्या गाडीवरच्या गारेगारसारखा. हा सनसेट यलो या रंगाचा प्रताप. आपल्या लेबलावर तो ‘११०’ या आकड्याने लिहिलेला असतो. अमेरिकेत तोच ‘यलो ६’ नावाने येतो आणि जोडीला ‘रेड ४०’ असतो. इंग्लंडचा ग्लास शेजारी ठेवा. तो किंचित गढूळ आणि पिवळ्याकडे झुकलेला दिसेल. त्याच्या लेबलावर रंगाच्या जागी गाजर आणि भोपळ्याचा अर्क लिहिलेला असतो.

फरक पडला तो २००७ साली साउथॅम्प्टन विद्यापीठात झालेल्या अभ्यासामुळे. सनसेट यलोसह सहा कृत्रिम रंग आणि मुलांचा चंचलपणा यांचा संबंध त्यात तपासला होता. रंगांवर बंदी आली नाही. युरोपीय संघाने जुलै २०१० पासून एवढंच केलं की हे रंग घातले तर ‘मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो’ असं पाकिटावर छापायचं. आता हे वाक्य छापलेली बाटली कुठली आई मुलाच्या हातात देईल? कंपन्यांनी मुकाट्याने रंग बदलले. इंग्लंड नंतर संघातून बाहेर पडलं, पण तो नियम तिथे तसाच राहिला.

भारतात हा रंग ठरलेल्या मर्यादेत चालतो. प्रमाण दहा लाखात १०० भागांपर्यंत.

५. सगळ्यांत जास्त रस कुठल्या देशातल्या फँट्यात असतो?

इटली आणि ग्रीस, दोन्हीकडे २० टक्के. ब्राझीलमध्ये १०, स्पेनमध्ये ८ (तिथला लिंबाचा फँटा फार लोकप्रिय, त्यात ६), जर्मनीत ३. अमेरिकेत आणि भारतातल्या नेहमीच्या फँट्यात शून्य.

आता हे आकडे त्या त्या देशाच्या नियमांशेजारी ठेवा. जर्मनीत संत्र्याच्या लिमोनाडमध्ये (गॅसवाल्या गोड पेयात) किमान ३ टक्के रस लागतो. ब्राझीलमध्ये संत्र्याच्या सोड्यात किमान १०. इटलीत अनेक वर्षं किमान १२ टक्क्यांचा नियम होता, तेव्हा फँट्यात १२ टक्के होता. २०१४ साली तिथल्या संसदेने तो २० वर नेला, अंमल २०१८ पासून झाला, आणि फँटाही २० वर गेला. दक्षिण इटलीतल्या सिसिली आणि कालाब्रियातल्या बागायतदारांची संत्री कवडीमोल भावाने जात होती. आठ टक्क्यांच्या या वाढीमागे त्यांचाच जोर होता.

म्हणजे कुणी म्हणालं की ‘इटलीत फळांची कदर आहे म्हणून तिथे रस जास्त’, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. कायद्याने जिथे रेघ मारली, तिथेच बाटली थांबते.

ग्रीसमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे संत्र्याचं पेय लाल आणि निळं अशा दोन प्रकारांनी ओळखतात. लालमध्ये गॅस असतो, निळ्यात नसतो. फँटाही तिथे दोन्ही रूपांत मिळतो. दुकानात नुसतं ‘फँटा द्या’ म्हटलंत की उलटा प्रश्न येणारच.

६. भारतातल्या फँट्यात रस का घालत नाहीत?

कारण घालायलाच हवा असा नियम नाही. लेबलावर बारीक अक्षरात ‘कंटेन्स नो फ्रूट’ असतं, ते बहुतेकांनी कधी वाचलेलं नसतं. चव येते ती सालीच्या तेलासारख्या फ्लेवरमधून आणि सायट्रिक आम्लातून.

प्रयत्न मात्र झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरू इथल्या फूड पार्कच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी शीतपेय कंपन्यांना ५ टक्के फळांचा रस घाला असं सुचवलं. पुढे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘कार्बोनेटेड फ्रूट बेव्हरेज’ असा वेगळा वर्ग केला: किमान १० टक्के रस, लिंबू असेल तर ५. कंपन्यांनी कैरीच्या चवीचा, रस असलेला फँटाही आणून पाहिला.

मग सगळं अडलं करावर. गॅसवाल्या गोड पेयांवर २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर, म्हणजे एकूण ४०. रस घातलेलं पेय हे फळांचं पेय, त्यावर १२ टक्केच लागावेत असं उत्पादकांचं म्हणणं. २०२१ साली जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं की गॅस आहे ना, मग २८ अधिक १२ च. सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि थेट ४० टक्के झाला, आणि त्यातही गॅसवाली फळपेयं सुटली नाहीत. आता बॉटलरच्या जागी बसून बघा. रस महाग, टिकवायला अवघड आणि करात एका पैशाची सूट नाही. मग तो घालणार कशाला? माझ्या मते इथे चूक कंपनीपेक्षा कररचनेची जास्त आहे.

७. पण आपल्याकडे नागपूरची संत्री एवढी पिकतात, ती तरी वापरता येतील की?

विदर्भातल्या वरूड-मोर्शीकडचे वाचक हा प्रश्न रागाने विचारतात, आणि राग रास्त आहे. आंबिया बहार (संत्र्याचा एक हंगाम) एकदम बाजारात उतरला की भाव कोसळतो आणि बारीक फळाला कुणी हात लावत नाही. तेच फळ बाटलीत जायला काय हरकत आहे?

हरकत फळाच्या स्वभावात आहे. जगभर रसासाठी वापरतात ते घट्ट सालीचं गोड संत्रं, आपल्या मोसंबीच्या कुळातलं. ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्यातल्या बागा त्याच जातींच्या आहेत, आणि संत्र्याच्या रसाच्या जागतिक व्यापारातला सिंहाचा वाटा ब्राझीलकडे आहे. नागपुरी संत्रं हे मँडरिन. सुट्या सालीचं, मऊ, हाताने सोलून खायचं. रस काढायची मोठी यंत्रं टणक, गोल फळासाठी बनलेली असतात. त्यात सुटी साल चिरडते आणि सालीचा कडवटपणा रसात उतरतो.

त्याहून मोठी अडचण घरी करून पाहता येईल. दोन नागपुरी संत्र्यांचा रस बियांसकट काढा. लगेच प्या, अमृत. उरलेला झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाखा. जिभेच्या मागच्या भागावर कडू लागेल. फळात जे द्रव्य कडू नसतं त्याचं आम्लात हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. शेतकरी म्हणतो फळ गोड आहे, कारखाना म्हणतो रस कडू आहे, आणि दोघंही खरं बोलतात. कडवटपणा काढायचं तंत्र आहे, पण त्याला पैसा लागतो.

या पट्ट्यात काहीच झालं नाही असं नाही. जैन इरिगेशन आणि कोका-कोला इंडिया यांचा ‘उन्नती ऑरेंज’ हा प्रकल्प विदर्भातल्या संत्रा उत्पादकांसाठीच आहे. पण नागपुरी संत्र्याला २०१४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन वेगळं आणि बाटलीसाठी लागणारी जात वेगळी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

८. माझी मुलगी म्हणते इंग्लंडचा फँटा ‘गोड आहे पण गोड लागत नाही’. म्हणजे काय?

मुलीची जीभ तयार आहे. इंग्लंडने एप्रिल २०१८ मध्ये साखरेवर कर आणला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपासून पुढे साखर असली की लिटरमागे १८ पेन्स आणि ८ ग्रॅमपासून पुढे २४ पेन्स (हे सुरुवातीचे दर, पुढे वाढले). तिथल्या फँट्यात आधी १०० मिलिलिटरला ६.९ ग्रॅम साखर होती. कर लागू व्हायच्या आधीच ती ४.६ वर आणली, म्हणजे रेषेच्या बरोबर खाली. कमी पडलेली गोडी सुक्रालोज आणि ॲसेसल्फेम या कृत्रिम गोडव्यांनी भरून काढली. साखर जिभेवर लगेच येते, थोडं अंग देते आणि निघून जाते. हे गोडवे जरा उशिरा येतात आणि नंतर रेंगाळतात, शिवाय पेय पातळ लागतं. मुलीला तेच जाणवलं.

तुलनेसाठी, अमेरिकेतल्या ३५५ मिलिलिटरच्या कॅनमध्ये ४४ ग्रॅम साखर असते, साधारण अकरा चमचे. इंग्लंडच्या ३३० च्या कॅनमध्ये पंधरा ग्रॅम, म्हणजे चार चमचेसुद्धा नाही. नाव तेच.

दक्षिण आफ्रिकेत कर ग्रॅमवर आहे, १०० मिलिलिटरमधल्या पहिल्या चार ग्रॅमना सूट. मेक्सिकोत जानेवारी २०१४ पासून लिटरमागे सुरुवातीला एक पेसो बसला. भारतात ४० टक्के भरायचेच, साखर कितीही असो (प्रश्न ६). त्यामुळे इथे साखर कमी करण्याला कराचं बक्षीस नाही.

९. अमेरिकेतल्या देशी दुकानात मेक्सिकोचा काचेच्या बाटलीतला फँटा दुप्पट भावाने मिळतो. घ्यावा का?

अमेरिकन फँटा मक्याच्या सिरपने गोड करतात, मेक्सिकोतून येणाऱ्या काचेच्या बाटलीत ऊसाची साखर असते. अमेरिकेत आयात साखरेवर कोटा असल्यामुळे साखर महाग आणि मका स्वस्त, म्हणून १९८० च्या दशकात तिथल्या पेय कंपन्या सिरपकडे वळल्या. चवीत फरक आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. साखर आम्लात राहिली की आपोआप ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, आणि मक्याच्या सिरपमध्येही मुख्यतः तीच दोन असतात. बाटली जितकी जुनी, तितका फरक कमी. काचेत गॅस चांगला टिकतो आणि बाटली थंडगार राहते, यातला आनंद खरा. त्यासाठी घेत असाल तर जरूर घ्या, तब्येतीसाठी म्हणून घेऊ नका.

१०. बाटलीच्या मानेशी तेलकट कडं दिसलं. भेसळ आहे का?

बहुतेक वेळा नाही. संत्र्याचा वास सालीच्या तेलात असतो. हे तेल पाण्यापेक्षा हलकं, घनता साधारण ०.८४, त्यामुळे संधी मिळताच वर येऊन मानेशी गोल कडं धरतं. बाटली फार दिवस उन्हात राहिली किंवा मिश्रण नीट बसलं नाही की हे होतं.

ते टाळायला तेलात काहीतरी जड मिसळून त्याचं वजन पाण्याइतकं करतात. पूर्वी यासाठी बीव्हीओ, म्हणजे ब्रोमीन जोडलेलं वनस्पती तेल, सर्रास वापरत. भारताने त्यावर १९९० मध्येच बंदी घातली. अमेरिकेने परवानगी काढली ती जुलै २०२४ मध्ये! ‘अमेरिकेतलं म्हणजे शुद्ध’ म्हणणाऱ्यांना मी ही दोन सालं शेजारी शेजारी लिहून दाखवते. बंदीच्या बऱ्याच आधी, २०१४ साली, कंपनीने आपल्या पेयांतून ते काढायचं जाहीर केलं होतं. आता झाडाच्या राळेपासून केलेला एस्टर किंवा डिंकासारखे पदार्थ वापरतात.

कड्याबरोबर तळाशी धागे, तरंगणारे गोळे किंवा ढिलं झाकण दिसलं तर मात्र बाटली पिऊ नका.

११. नायजेरियाचा फँटा इंग्लंडमध्ये नष्ट केला म्हणतात. खरं की व्हॉट्सअॅपवरचं?

खरं. लागोसमधल्या एका व्यापाऱ्याने २००७ साली तिथे बाटलीबंद झालेला फँटा आणि स्प्राइट इंग्लंडला पाठवला. तिथल्या अधिकाऱ्यांनी तपासून माल नष्ट केला: सनसेट यलो आणि टिकवणारं बेन्झोइक आम्ल तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. बेन्झोइक आम्लाची मर्यादा इंग्लंडमध्ये लिटरला १५० मिलिग्रॅम, नायजेरियात २५०. व्यापारी कोर्टात गेला. बॉटलरचा बचाव असा की माल निर्यातीसाठी नव्हताच, देशातल्या नियमात बसत होता, आणि गरम हवेच्या देशात टिकवायला जास्त लागतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये लागोस उच्च न्यायालयाने बाटल्यांवर इशारा छापून घ्या असा आदेश तिथल्या औषध-अन्न नियंत्रकाला दिला. क जीवनसत्त्वाबरोबर घेतल्यास धोका, असा. कंपनी अपिलात गेली.

क जीवनसत्त्व कुठून आलं? बेन्झोएट (बेन्झोइक आम्लाचंच रूप) आणि क जीवनसत्त्व एका बाटलीत, त्यात ऊन आणि उष्णता, असं जमलं की अगदी सूक्ष्म प्रमाणात बेन्झिन, म्हणजे कर्करोगाशी जोडलं जाणारं रसायन, तयार होऊ शकतं. बाटलीबाहेर, तुमच्या पोटात, ते होतं असं मात्र कुणी दाखवलेलं नाही. म्हणूनच जिथे रस घालतात तिथे बरेचदा बेन्झोएटऐवजी पोटॅशियम सॉर्बेट दिसतं. आपल्याकडे जपायचं एवढंच, की टपरीबाहेर भर उन्हात रचलेल्या क्रेटमधली बाटली घेऊ नका.

१२. लाल, हिरवा, जांभळा फँटा खरा असतो का?

खरा. फँटा म्हणजे संत्रं हे समीकरण भारतापुरतं. थायलंडमध्ये स्ट्रॉबेरीचा लाल फँटा माणसांइतकाच देवतांना लागतो. घराबाहेर खांबावर छोटं देवघर असतं, तिथे वास्तुदेवतेपुढे झाकण उघडून, स्ट्रॉ घालून लाल बाटली ठेवतात. आपल्याकडे नैवेद्याला पाणी फिरवतात, तिथे स्ट्रॉ.

रोमेनियात आणि आसपास ‘शोकाता’ मिळतो. तिथे एल्डर या झाडाची फुलं, लिंबू आणि साखर पाण्यात मुरवून घरोघरी ‘सोकाता’ करतात, फँट्याने ते घरगुती पेयच उचललं. जपानात द्राक्षाचा जांभळा फँटा संत्र्याच्या तोडीस तोड चालतो. तिथे १९७३ पासून नियम आहे की रस नसेल तर ‘मुकाजू’, म्हणजे बिनरसाचं, असं ठळक लिहायचं. पाच टक्क्यांपेक्षा कमी रस असेल तर लेबलावर खऱ्यासारखं दिसणारं फळ छापता येत नाही, फार तर चित्र काढा.

उलटंही घडतं. इंग्लंडमधलं ‘लिल्ट’ हे अननस आणि ग्रेपफ्रूटचं जुनं पेय फेब्रुवारी २०२३ मध्ये फँट्याच्या नावाखाली आणलं. आतलं पेय तेच, नाव गेलं. लोक हळहळले. का, ते पुढच्या उत्तरात.

१३. गोल्ड स्पॉटचंच नाव बदलून फँटा केलं ना?

नाही. ते पारले कंपनीचं संत्र्याच्या चवीचं वेगळं पेय होतं. १९७७ मध्ये कोका-कोला भारत सोडून गेला, तेव्हा गोल्ड स्पॉटला मैदान मोकळं मिळालं. १९९३ मध्ये कंपनी परतली आणि पारलेच्या रमेश चौहानांकडून थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रा आणि गोल्ड स्पॉट विकत घेतले. थम्स अपला संपवता आलं नाही, कारण लोक सोडेनात. गोल्ड स्पॉट मात्र फँट्याला जागा करून देण्यासाठी बंद झालं. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांचं म्हणणं असतं की गोल्ड स्पॉट जास्त झणझणीत होतं. मलाही तसंच आठवतं, पण तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि बाटली वर्षातून दोनदा मिळायची, एकदा लग्नात आणि एकदा एसटी स्टँडवर. तेव्हा माझी साक्ष काढू नका.

१४. उपासाला चालतो का? आणि शाकाहारी असतो का?

उपासाचं तुमच्या घरचं शास्त्र तुम्ही ठरवा. फक्त एवढं सांगते की अमेरिकन फँट्यात मक्याचं सिरप आणि स्टार्च असतो, म्हणजे धान्य आलं. भारतातल्या बाटलीत साखर.

शाकाहाराचा प्रश्न परदेशात खरंच विचारण्यासारखा आहे. बीटा-कॅरोटीन हा रंग पाण्यात नीट मिसळावा म्हणून काही पेयांत माशापासून काढलेलं जिलेटीन अगदी थोडं वापरतात. लेबलावर ते दिसेलच असं नाही, पण कंपनीला विचारलं की सांगतात. गाजर-भोपळ्याचा अर्क असेल तर सहसा ही अडचण नसते. आणि हो, प्रश्न १ मधला मूळ फँटा दुधाच्या पाण्याचा होता, तो व्हीगन मंडळींना चाललाच नसता.

१५. एकाच शहरात दोन प्रकारचा फँटा मिळू शकतो का?

सर्रास. लंडनमध्ये सुपरमार्केटात तिथला, रोमेनियन दुकानात शोकाता आणि मिठाईच्या दुकानात अमेरिकेतून आणलेले भडक कॅन. आयात केलेल्या कॅनलाही साखर कर लागतो आणि त्यावर रंगांच्या इशाऱ्याचं स्टिकर असायला हवं (प्रश्न ४). नसेल तर तो माल मागच्या दाराने आलाय असं समजा. मशिनमधून ग्लासात भरून मिळणारा फँटा बाटलीपेक्षा वेगळा लागला तर त्याला देश जबाबदार नाही. सिरप आणि पाण्याचं प्रमाण त्या मशिनवर ठरतं.

१६. परदेशातून दोन क्रेट आणून इथे दुकानात विकले तर?

घरी प्यायला दोन-चार कॅन सामानात आणणं वेगळं, विकणं वेगळं. विकायचं तर आयातदाराचा अन्नसुरक्षा परवाना लागतो, माल बंदरावर तपासला जातो आणि लेबलावर आयातदाराचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक लागतो. एका ओळखीच्या दुकानदाराने हे न करता जपानी फँटा ठेवला होता. जपानी अक्षरं कुणालाच वाचता येईनात, म्हणून गिऱ्हाइकांनी रंग बघून विकत घेतला आणि तपासणीस आल्यावर सगळा माल गेला.

१७. दोन देशांचे फँटे घरी ताडून पाहायचे असतील तर कसे?

दोन्ही एकाच फ्रीजमध्ये एकाच कप्प्यात रात्रभर ठेवा, कारण थंड पेय कमी गोड लागतं. स्टीलचे पेले नकोत, सारखे काचेचे ग्लास घ्या. ओतणारा एक आणि चाखणारा दुसरा, चाखणाऱ्याने डोळे मिटायचे. रंग दिसला की जीभ खोटं बोलते. मध्ये साधं पाणी आणि एखादा कुरमुरा. आधी वास घ्या, मग एक घोट घेऊन दहा आकडे मोजा आणि शेवटी काय उरलं ते बोला. लेबलावरची साखर ताडताना १०० मिलिलिटरचा रकाना बघा. कॅनचा बघू नका, कॅन ३०० चे, ३३० चे, ३५५ चे असतात. आणि मुलांना चाखायला बसवणार असाल तर घोट मोजून द्या, नाहीतर दोन्ही ग्लास रिकामे होतील आणि निकाल कुणीच सांगणार नाही.